धूळ कुठं बसते

अंगणात आबांचा लाल मॅसी उभा असतो आणि त्याच्यासमोर ओसरीवर माझं टेबल. चैत्रातल्या एका सकाळी टेबलावर प्लॅस्टिकच्या चौकटी पसरून बसलो होतो. बोरीच्या फांदीला बोरं लगडावीत तसे त्या चौकटींना सुटे भाग लगडलेले: रिमा, मडगार्ड, सीट, स्टिअरिंग, काडीएवढा सायलेन्सर. धार काढून आबा गोठ्यातून आले, हातातली चरवी खाली ठेवली आणि वाकून बघू लागले.

"काय करू राहिला रे?"

"ट्रॅक्टर जोडतोय, आबा."

"कुणाचा?"

"फर्ग्युसनचा. तुमच्या मॅसीचा आजा म्हणा."

कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला आणि चौकटीतल्या तीन बारीक काड्यांवर बोट ठेवलं. "ही लिफ्ट. हे खालचे दोन हात, ही वरची टॉप लिंक. मग आज्यात अन् नातवात बदललं काय?"

या बाबतीत काहीच बदललं नाही, आणि तेच त्या यंत्राचं मोठेपण. त्याआधीच्या ट्रॅक्टरांना नांगर मागून नुसता अडकवलेला असे. फाळ दगडात रुतला की मागची चाकं फिरत राहायची, पुढची उचलली जायची आणि कधीकधी अख्खा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं नांगर तीन ठिकाणी जोडला, खाली दोन हात आणि वर एक दांडा, आणि तो हायड्रॉलिकनं उचलायची सोय केली. आता रुतलेल्या नांगराचा जोर वरच्या दांड्यातून पुढं जातो आणि पुढची चाकं जमिनीवर दाबून धरतो. या बांधणीचा त्याचा टीई-२० हा करडा ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक बनला. फ्रान्समध्येही तो बनायचा आणि तिथं त्याचं लाडाचं नाव 'छोटा करडा' असं पडलं. १९५३ मध्ये फर्ग्युसन आणि कॅनडाची मॅसी-हॅरिस एक झाल्या, १९६० मध्ये मद्रासला मॅसीचे ट्रॅक्टर बनवणारी टाफे उभी राहिली, आणि हे घराणं होत होत भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत, आमच्या अंगणात येऊन थांबलं. टेबलावरचं किट त्याच छोट्या करड्याचं, हेलर या फ्रेंच कंपनीचं.

किट जोडायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं लढाऊ विमान येतं. पण या छंदातलं सर्वांत ओळखीचं नाव, एअरफिक्स, किटच्या धंद्यात आलं ते ट्रॅक्टरवर बसून. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थानं १९३९ मध्ये इंग्लंडात ही कंपनी काढली. आधी हवा भरायची रबरी खेळणी, मग प्लॅस्टिकचे कंगवे. १९४९ मध्ये फर्ग्युसनच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकांना दाखवायला छोटा नमुना हवा होता, तो एअरफिक्सनं करून दिला. पण एकेक नमुना जोडून देण्यात फार वेळ आणि पैसा जाई. मग तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकायला निघाला. 'गोल्डन हाइंड' हे जहाज १९५२ मध्ये आलं, विमानं त्यानंतर. हसनाबादेत बसून किट जोडणाऱ्याला एवढी वंशावळ पुरे.

आता माप. किट १/२४ चं, म्हणजे खऱ्यावरचे चोवीस, इथला एक. सहा फुटी माणूस इथं तीन इंचांचा, आणि अख्खा ट्रॅक्टर जेमतेम अर्धी वीत. हे गणित एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका टळतात. अर्धा मिलिमीटर जाड रंग आपल्याला पातळच वाटतो. चोवीसनं गुणा: बारा मिलिमीटर. एवढा जाड रंग कुठल्याही ट्रॅक्टरला कुणी दिलेला नाही. पुढं जे जे करायचं, ते या गुणाकारात बसतंय का, हे आधी बघायचं.

किट घरी आलं की पहिली आंघोळ. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश प्लॅस्टिकवर राहिला तर रंग धरत नाही. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश एवढ्यावर भागतं. मात्र आमच्या बोअरचं पाणी जड. वाळलं की भागांवर तांब्याच्या बुडाला धरतात तसे पांढरे डाग. म्हणून शेवटची खळबळ जारच्या पाण्यात. वाळवायचं सावलीत. हे 'सावलीत' मी पैसे मोजून शिकलो. मागच्या उन्हाळ्यात एका जीपचं बोनेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बाजारात गेलो आणि परत आलो तर त्याचा पापड झालेला. हे प्लॅस्टिक, पॉलिस्टायरीन, शंभर अंशांच्या आसपास पुरतं मऊ पडतं, पण पातळ भाग त्याच्या बराच आधी वाकतो. वाकलेला भाग गरम पाण्यात धरायचा, काचेवर बोटांनी सपाट दाबायचा आणि तसाच गार होऊ द्यायचा. नशीब असेल तर सरळ होतो. माझं निम्मं होतं.

भाग चौकटीतून पिळून तोडायचा नाही. जाणता बागायतदार मोसंबी देठाशी कात्री लावून काढतो, हिसकली तर सालीला जखम होते. इथंही तसंच, पण दोनदा: निपरनं आधी लांबून कापायचं, मग उरलेला देठ जवळून. जो किंचित उंचवटा उरतो तो कटरनं तासायचा आणि बारीक कानशीनं सपाट करायचा. कटरची धार नेहमी अंगठ्यापासून लांब. कापलेल्या चौकटी टाकून देऊ नका. मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, काडी फिरवत गरम केली आणि मऊ पडताच दोन्हीकडून सावकाश ओढली की केसाएवढी तार निघते. वायरी, नळ्या, एरियल यासाठी विकतचं काही लागत नाही.

जोडणीचा द्राव म्हणजे गोंद नव्हे. गोंद दोन वस्तूंच्या मध्ये बसतो. हा द्राव प्लॅस्टिकच विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, आणि द्राव उडून गेला की उरतं ते एकच प्लॅस्टिक. म्हणजे हे वेल्डिंगच. म्हणून आधी कोरडी जुळणी करायची: भाग नुसते बसवून बघायचे, अडतं तिथं घासायचं. मग दोन्ही भाग हातात जुळवून धरायचे आणि द्रावाचा ब्रश फटीला नुसता टेकवायचा. वातीत तेल चढावं तसा तो आपण होऊन फटीतून धावतो. बोट फटीवर असेल तर बोटाखालीही धावतो. माझ्या पहिल्या विमानाच्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा आहे, सातबाऱ्यावर असावा तसा. जुळलेले भाग कपड्यांच्या चिमट्यांनी आणि रबरानं आवळून रात्रभर सोडून द्यायचे. रंगलेल्या कडेवर हा जोड धरत नाही, तिथला रंग आधी खरवडायचा. फेविक्विक धातूच्या आणि इतर परक्या भागांसाठी ठीक, पण पारदर्शक भागांजवळ नको, त्याच्या वाफेनं काचेवर पांढरं धुकं धरतं.

एवढं करूनही बोनेटच्या सांध्यावर माझ्याकडून फट राहिलीच, घाई नडली. त्यावर उपाय आमच्या स्टँडवरच्या गॅरेजमध्ये रोज दिसतो: लांबी भरायची. गाडीचा पोचा भरतात तशीच, फक्त टाचणीच्या टोकावर मावेल इतकी. पूर्ण वाळू द्यायची, मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी ४००, मग ८००, मग १००० नंबर. घासून झालं की भाग तिरप्या टॉर्चच्या उजेडात धरायचा आणि सांध्यावरून नख फिरवायचं. डोळ्यांना न दिसलेली फट नखाला लागते.

त्यावर अस्तर. करड्या अस्तराचा हात दिला की राहिलेला प्रत्येक ओरखडा वर येतो. अस्तर द्यायचंच मुळी चुका बघण्यासाठी. परत घासा, परत अस्तर. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरायचा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडं बाहेरच संपवायचा. भागावर सुरू केला की पहिला थेंब तिथंच ओघळतो.

रंगाच्या बाटलीवर सूचना असतात, पण त्या मराठवाड्याच्या वैशाखासाठी लिहिलेल्या नसतात. दुपारी फवारलेला रंग भागापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर रवा सांडल्यासारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात उलटं: दमट हवेत लॅकर मारला की त्यावर पांढरट सावट येतं. म्हणून माझं पंचांग ठरलेलं आहे. उन्हाळ्यात रंग सकाळी सहा ते आठ, वारं उठायच्या आत. आधी ओसरीभर पाणी शिंपडायचं म्हणजे धुरळा बसतो. रंगवलेला भाग परातीखाली झाकायचा आणि परातीच्या कडेखाली काड्यापेटी सरकवायची, हवा खेळायला. पावसाची झड लागली की लॅकरची बाटली उघडायचीच नाही, त्या दिवसांत नुसती जुळणी. थिनर उघडा असताना दार-खिडक्या सताड उघड्या आणि जवळ दिवा, उदबत्ती, विडी काही नाही. घासताना आणि फवारताना तोंडाला मास्क.

एअरब्रश असेल तर १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. रंग पाणी घातलेल्या दुधाइतका पातळ हवा: वाटीच्या कडेला लावला तर पातळ पडदा ठेवून खाली उतरला पाहिजे. पण बोनेट निम्मं झालं आणि वीज गेली, तर कॉम्प्रेसर काय करणार? म्हणून कुंचल्याचा हात प्रत्येकानं तयार ठेवावा. आमच्या उन्हात ॲक्रिलिक रंग कुंचल्यावरच वाळतो. त्यासाठी पसरट ताटलीत ओला स्पंज ठेवायचा, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. खालची ओल कागदातून झिरपत राहते आणि रंग तासन्‌तास जिवंत राहतो. पातळ दोन-तीन हात द्यायचे. पहिल्या हातात खालचं अस्तर दिसतं, दिसू द्या. आणि अर्धवट ओल्या रंगावर कुंचला पुन्हा फिरवायचा नाही. सारवलेलं अंगण वाळेपर्यंत त्यावर पाऊल टाकतं का कुणी?

छोटा करडा नावाप्रमाणे नखशिखान्त करडा. एकाच रंगाची वस्तू रंगवणं सोपं वाटतं, पण तीच अवघड. सगळीकडं सारखा करडा दिला की ट्रॅक्टर साबणाच्या वडीसारखा दिसतो. म्हणून बोनेटच्या वरच्या अंगाला करड्यात थेंबभर पांढरा, पोटाखाली थेंबभर काळा. सगळा करडा थोडा फिकटच ठेवायचा, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो. मग त्यावर चकचकीत वार्निश. शेवटी मळकाच दिसायचा आहे तर आधी चकाकी कशाला? कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ रंग सांध्यांतून धावतो, खरखरीत पृष्ठभागावर तिथंच शोषला जाऊन डाग पडतो. पाण्यातून उतरवायच्या चिकटचित्रांनाही हाच नियम, नाहीतर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी झाक येते.

सांध्यांसाठी मी कॅमलची तैलरंगाची ट्यूब वापरतो, बर्न्ट अंबर. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचीच ती. चिमूटभर रंग, भरपूर टर्पेंटाइन, आणि बारीक कुंचला नटाच्या बुडाशी नुसता टेकवायचा. रंग आपोआप नटाभोवती कडं करतो. सांडलेला तासाभरानं टर्पेंटाइनच्या ओलसर कुंचल्यानं वरून खाली पुसायचा. आडवा नाही, कारण पाऊस आडवा ओघळत नाही. उलट काम कोरड्या कुंचल्याचं. फिकट रंग घ्यायचा, कागदावर पुसून जवळजवळ संपवायचा आणि कडांवरून हलका फिरवायचा. कडा उजळतात आणि भागाला उठाव येतो.

इथवर आलो तेव्हा माझ्या मते ट्रॅक्टर झाला होता. चाकांवर, बोनेटवर, मडगार्डवर तपकिरी रंगाचा सारखा धुरळाही मारला होता. आबांना दाखवला. त्यांनी तो हातावर उलटासुलटा फिरवला.

"हा कुठं चालला होता?"

"शेतात."

"शेतात नाही. वावटळीत सापडलेला दिसतो. धूळ अशी सगळीकडं सारखी बसते व्हय? जा, मॅसीकडं बघून ये."

मी स्टूल घेऊन मॅसीशेजारी बसलो, हातात वही. आठ वर्षं रोज बघितलेला ट्रॅक्टर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चिखल मडगार्डच्या बाहेर नव्हताच, आत होता, थरावर थर, आणि सर्वांत जुना थर जवळजवळ पांढरा पडलेला. टायरच्या दोन खुरांच्या मधल्या खोबणीत काळी माती गच्च, पण खुरांचे माथे डांबरी सडकेनं घासून स्वच्छ. चाकाच्या मध्याला ग्रीसचं काळं कडं आणि त्यावर चिकटलेली धूळ. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली ओघळ, त्याच्यावर बसलेला धुरळा बाकीच्याहून गडद. पाय ठेवायच्या पट्टीवर रंग नाही, लखलखीत लोखंड. क्लचच्या पेडलवर तेच. बोनेटला जिथं हात घालून ते उचलतात तिथं रंग विटून पातळ झालेला. लिफ्टच्या हातांची टोकं पिनांनी घासून चकाकत होती. उन्हाकडची बाजू फिकी, भिंतीकडची अजून लाल. धूळ आणि झीज दोन्ही आपापल्या जागा धरून होत्या, आणि प्रत्येक जागेला कारण होतं.

त्या यादीवरून मी निम्मा रंग उतरवून पुन्हा केला. पाय ठेवायच्या पट्टीला आधी लोखंडी रंग दिला, तो वाळल्यावर सलूनमधला हेअर स्प्रे मारला, त्यावर करडा ॲक्रिलिक. अर्ध्या तासानं ओल्या कुंचल्यानं घासलं. खालचा स्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा रंग खऱ्या रंगासारखे टवके सोडतो. स्प्रे नसला तर जाडं मीठ. ओल्या पृष्ठभागावर चार खडे चिकटवायचे, रंगवायचं, वाळल्यावर खडे खरडून काढायचे. नियम एकच: टवके पाय लागतो तिथं, हात लागतो तिथं. इतरत्र नको.

सायलेन्सरच्या गंजासाठी जालन्याला गेलो असताना एमआयडीसीच्या रस्त्यावर थांबलो. तिथल्या पोलादाच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळया होतात, म्हणून रस्त्यावर भंगाराचे ट्रक. गंज म्हणजे नारिंगी, असं मी समजत होतो. ताजा गंज नारिंगी खरा, पण जुना गंज काळपट तपकिरी, आणि नारिंगी फक्त कडांना आणि पाणी ओघळलेल्या रेघांत. सायलेन्सरला मग आधी गडद तपकिरी दिली, नारिंगी स्पंजच्या तुकड्यानं टिपली, तीही तोंडापाशीच. रणगाडे करणाऱ्यांना हेच सांगेन: पेटीवरचं चित्र बाजूला ठेवा आणि एकदा अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या. १९९४ पासून ते आहे. पॅटन आणि विजयंता तिथं हाताच्या अंतरावर बघायला मिळतात.

राहिली माती. परदेशी बाटल्यांत धुळीचे रंग मिळतात, पण काळ्या रानाची धूळ त्यांत नाही. बांधावरची कोरडी माती आणली, तव्यावर भाजली म्हणजे पुढं बुरशी धरत नाही, आणि खलबत्त्यात कुटून जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली. चाळणीची माती इथं चालत नाही. डोळ्यांना दिसणारा कण चोवीसनं गुणला की ढेकूळ होतो. मडगार्डच्या आत मातीत थोडं मॅट वार्निश कालवून थर दिले, एकावर एक, प्रत्येक थर आधीच्याहून किंचित गडद. बोनेटवर नुसती कोरडी पूड, मऊ कुंचल्यानं. तिच्यावर टर्पेंटाइनचा थेंब सोडला की ती जागा धरते, पण मी ते उद्यावर टाकलं.

सकाळी उठलो तर आबा ओसरीवर उभे. छोटा करडा त्यांच्या डाव्या तळहातावर. त्यांनी मडगार्डच्या आत बघितलं, पट्टी बघितली, लिफ्टच्या टोकांवरची चमक बघितली. "आता नांगरटीहून आला," म्हणाले. आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खांद्यावरची दस्ती घेतली आणि बोनेटवरून एक हात फिरवला, समोरून मागं, रोज सकाळी मॅसीवर फिरवतात तसा.

पूड उडाली. बोनेटच्या मधोमध बोटभर रुंद स्वच्छ पट्टा, दोन्ही कडांना धूळ तशीच.

मी अंगणातल्या मॅसीकडं बघितलं. त्याच्या बोनेटवरही तोच पट्टा होता, दस्तीच्या रुंदीचा. माझ्या यादीत तेवढा राहून गेला होता. टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि दोन्ही कडांची धूळ पक्की केली. पट्टा तसाच ठेवला.